सेसीलमावशी लाइनवर आहेत

वसईजवळ गिरीजला राहायला आले त्याच आठवड्यात माझं इंटरनेट बंद पडलं, आणि त्यामुळे सेसीलमावशींची ओळख झाली.

आमची इमारत नवी होती. तिच्या कुंपणाला लागूनच मावशींची वाडी होती. केळी, नारळ, भाजीचे वाफे आणि मधोमध कौलारू घर. माझं ऑफिसचं काम घरूनच चालायचं, त्यामुळे नेट गेलं की माझा जीव जायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला होता. कानात वाजंत्री चालू होती. मध्येच एक बाई गोड आवाजात सांगायची की आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, कृपया लाइनवर राहा.

तेवढ्यात खालून, कुंपणापलीकडून, कोणीतरी म्हणालं, "राहते गे बाळा, मी कुठे जाणार आहे? तू तुझं सावकाश चालू दे. जेवलीस का?"

मला वाटलं, कोणी भाचीबिची असेल. पण पुढच्याच क्षणी माझ्या कानातली बाई आणि खालच्या फोनमधली बाई एकदमच म्हणाल्या, "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत."

मी वाकून पाहिलं. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणीशी, पाठ ताठ असलेली बाई केळीच्या बुंध्याशी स्टूल टाकून बसली होती. स्पीकर चालू ठेवलेला फोन मांडीवर होता. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "तुझंही गेलं का?"

"हो."

"मग तू ठेव. एकीनंच धरू लाइन. त्या बिचारीवर दोघींचा भार कशाला?"

मी खरंच फोन ठेवला. का ठेवला, ते आजही सांगता येणार नाही. त्या आवाजात काहीतरी होतं. खालचा, मऊ, पण समोरच्याने ऐकायचंच असा. थोड्या वेळाने त्यांचा फोन लागला आणि त्यांनी आपल्या तक्रारीबरोबर माझीही नोंदवून टाकली. नंतर मी त्यांना भीतभीत म्हटलं, "मावशी, ती बाई रेकॉर्ड केलेली असते."

"ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण कोणीतरी एकदा तोंड उघडून ते बोललीच असेल ना? तिला तेव्हा तरी कोणी विचारलं असेल का, जेवलीस म्हणून?"

मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. तरुणपणी त्या ट्रंक कॉल जोडायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि हातात दोऱ्या. एकीकडे वसईचा केळीवाला, दुसरीकडे कुठल्यातरी लांबच्या गावचा व्यापारी, आणि मध्ये सेसीलमावशी. पुढे बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले, तेव्हा त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. पण मनाने त्या बोर्डावरून कधी उठल्याच नाहीत. जगातला प्रत्येक फोन आपल्याच हातून जोडला जातोय, अशा जबाबदारीने त्या वागायच्या.

त्यामुळे मोबाइलने त्यांना जितकं छळलं, तितकं क्वचितच कोणाला छळलं असेल. फोन बिघडला की आपल्याला राग येतो. मावशींना तो उद्धट झाल्यासारखा वाटायचा, आणि उद्धटपणाला त्यांच्याकडे एकच औषध होतं, आणखी सौजन्य. एखादं ॲप उघडलं की ते विचारतं, तुमचे फोटो बघू का, तुमचा आवाज ऐकू का, तुम्ही कुठे आहात ते जाणून घेऊ का. मावशी प्रत्येकाला "हो" म्हणायच्या. "इतकं विचारून करतोय बिचारा, नाही कसं म्हणायचं?" परिणामी त्यांच्या फोनला त्यांच्याबद्दल सगळं माहीत होतं आणि तो दिवसभर काही ना काही सुचवत असायचा.

ओटीपी आला की त्या तो खणखणीत आवाजात वाचायच्या आणि पुन्हा एकदा वाचून खात्री करायच्या. ऑपरेटरची सवयच ती, नंबर दोनदा म्हटल्याशिवाय पक्का नाही. त्यांचे यजमान बावतीसकाका वाडीत पाणी सोडत असायचे. घरात दोघं आपल्या घरच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मीच कळायची. पण टोमणा मारायचा असला की काका मुद्दाम माझ्यासाठी शाळेतल्या मराठीत मारायचे. "झालं सांगून?" ते म्हणायचे. "की रविवारी चर्चमध्येही वाचून दाखवायचा?"

एकदा पेन्शनच्या कामासाठी मावशींना पासवर्ड ठरवायचा होता. मी शेजारी बसले होते. काका म्हणाले, "माझं नाव टाक. विसरणार नाहीस." मावशींनी टाकलं. फोनने लाल अक्षरांत लिहिलं, कमजोर.

मावशींनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि त्या अशा हसायला लागल्या की स्टूल हलायला लागलं. पुढे लग्नाचं साल जोडलं. फोन म्हणाला, मध्यम. शेवटी मी सांगितलं म्हणून त्यांनी एक उद्गारचिन्ह लावलं, तेव्हा कुठे हिरव्या अक्षरांत "मजबूत" असं आलं.

"बघा," त्या काकांना म्हणाल्या, "ओरडल्याशिवाय तुम्ही काही मजबूत दिसत नाही."

काका पाइप उचलून केळीत गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्याची पाळी आली की मात्र मावशी अडायच्या. चौकोनांत छोटे छोटे फोटो यायचे आणि खाली लिहिलेलं असायचं की ज्यात सिग्नल आहेत ते निवडा. "सिग्नल म्हणजे दिवा, की दिव्याचा खांबही धरायचा?" त्या विचारायच्या. हा प्रश्न इतका रास्त होता की मलाही उत्तर येत नसे. झेब्रा क्रॉसिंग निवडा म्हटल्यावर त्या एकदा फोनला म्हणाल्या, "ह्या रस्त्यांवर काय, कोणीही निवडेल. वसईच्या बाजारात निवडून दाखव." आणि मग मला म्हणाल्या, "नीते, मी माणूस आहे हे ह्याला कळत नाही ते जाऊ दे. हा कोण आहे, हे मला कोणी सिद्ध करून दाखवलंय का?"

फसवणुकीचे फोनही त्यांना यायचे. एक दिवस दुपारी एकजण हिंदीत दरडावून सांगू लागला की मी पोलिसांतून बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय. मी त्यांच्याकडे भाजी घ्यायला गेले होते. मी हातानेच खूण केली, ठेवा फोन. मावशींनी मला गप्प राहायला सांगितलं आणि मन लावून ऐकलं. त्याचं सगळं बोलून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "बेटा, तुम सांस गलत जगह पे लेते हो." मग त्यांनी त्याला समजावलं की वाक्य तोडताना अर्थ बघावा, आणि पोलीस इतक्या घाईने बोलत नसतात. पोलिसांना घाई नसते, आपल्याला असते. त्याने फोन कापला.

मावशी दुखावल्या. "माझ्या उभ्या नोकरीत मी कोणाची लाइन मध्ये तोडली नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी उलटा फोन लावला. तो क्रमांक अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. "म्हणजे आता नसलेल्या नंबरावरून माणसं बोलतात," एवढंच म्हणाल्या.

हे सगळं हसण्यावारी जाणारं होतं. पावलीनबायचं प्रकरण मात्र हसता हसता हाताबाहेर गेलं.

पावलीनबाय दोन वाड्या सोडून पलीकडे राहायच्या. मावशींच्याच वयाच्या, शाळेपासूनची मैत्रीण. त्यांच्या दोन गोष्टी गावभर प्रसिद्ध होत्या. एक त्यांची सांदणं. तांदळाची, नारळाच्या रसातली, इतकी मऊ की खाताना दातांची गरज नाही. गावच्या सणाला त्या घरोघरी डबा पाठवायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची भांडणं. पाण्यावरून, बांधावरून, बकरीवरून, काहीच नसलं तर कालच्या भांडणावरून. तीही बहुतेक घरोघरीच पोचायची.

आमच्या आळीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी मावशींना वाटलं, सगळ्यांसमोर पावलीनचं कौतुक करावं. टाइप करणं त्यांना जमत नसे. जोडाक्षर लिहायला गेलं की बोट मोडतं, म्हणायच्या. म्हणून त्या फोनमध्ये बोलायच्या आणि फोन लिहायचा. त्यांनी सांदणांबद्दल चार ओळी छान सांगितल्या. फोनला सांदण हा पदार्थ माहीत नव्हता. त्याने आपल्या अकलेने जवळचा शब्द घेतला. ग्रुपवर मजकूर पडला तो असा:

"पावलीनबायची भांडणं म्हणजे गावात एक नंबर. दर सणाला न चुकता घरपोच येतात. काल सकाळी मिळाली, अजून गरम होती. अशी भांडणं आता नव्या मुलींना जमत नाहीत. देव तिचे हात असेच चालते ठेवो."

धडाधड अंगठे आले. कोणी लिहिलं, शंभर टक्के सहमत. आखातात नोकरी करणाऱ्या कोणाच्या तरी भाच्याने लिहिलं, इथे अशी मिळत नाहीत, फार आठवण येते, जमलं तर एक डबा पाठवा. मावशींनी अंगठे पाहिले, खूश झाल्या आणि फोनला सांगितलं, "लिही, पुढच्या वर्षी आणखी कर." ते मात्र फोनने अगदी अचूक लिहिलं.

थोड्या वेळाने पडद्यावर आलं की पावलीनबाय ग्रुपमधून बाहेर पडल्या.

"बाहेर पडली म्हणजे कुठे गेली?" मावशींनी मला खिडकीतून विचारलं. मी खाली जाऊन मजकूर वाचून दाखवला. त्यांच्या तोंडाचा रंग उडाला. "पूस ते, आधी पूस," म्हणत त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच पुसलं. पुसताना फोनने विचारलं की सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी. मावशींना वाटलं, उगाच सगळ्यांना त्रास कशाला. त्यांनी "फक्त माझ्यासाठी" दाबलं. आता तो मजकूर साऱ्या गावाकडे होता, फक्त मावशींकडे नव्हता.

त्यांनी पावलीनबायना फोन लावला. एकदा वाजून तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. "ब्लॉक केलंय तुम्हाला," मी सांगितलं.

"लाइन आहे आणि देत नाही, असं होतं का कधी?" त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी लाइन नसायची. असली की आम्ही द्यायचोच."

ठरलं की आपण स्वतः तिच्या घरी जायचं आणि तोंडाने समजावून सांगायचं. पण त्याच आठवड्यात मावशींचं तोंड बंद झालं. काही दिवस घसा बसलेलाच होता. वसईच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे. छोटी शस्त्रक्रिया झाली. तपासणीत भीतीचं काही निघालं नाही, पण काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, अशी ताकीद मिळाली. नंतर आवाज कसा येईल, हे मात्र डॉक्टर सांगू शकले नाहीत. येईल, एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यात लिहिलं की फोन मोठ्याने वाचायचा. आतला आवाज एका बाईचा होता, बातम्या देणारीसारखा, सुखदुःख नसलेला. ती बाई बावतीसकाकांना "बाव तीस" म्हणायची, जणू कुठल्यातरी शेअरचा भाव सांगतेय. मावशींनी तिला सुधारण्याचा फार प्रयत्न केला. नाव तोडून लिहून पाहिलं, जोडून लिहून पाहिलं. शेवटी काकाच त्या नावाला ओ द्यायला लागले.

काकांची वेगळीच अडचण झाली. मावशींचा आवाज मूळचा हलका. इतकी वर्षं काकांना जे ऐकायचं नसेल ते ऐकू आलं नाही म्हणायची सोय होती. आता फोन पूर्ण आवाजात गरजायचा, "बाव तीस. नळ बंद करा. स्वल्पविराम. मी मघाशीही सांगितलं होतं." पलीकडच्या वाडीतला माणूस येऊन म्हणायचा, काका, नळ बंद करा हो.

आणि मग मावशींनी ठरवलं, पावलीनकडे आता असंच जायचं. एका सकाळी बसून त्यांनी मजकूर लिहिला. मला सोबत घेतलं. पावलीनबाय ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा गुडघा दुखरा होता, म्हणून त्या उठल्या नाहीत, पण आत या असंही म्हणाल्या नाहीत. मावशींनी फोन समोर धरला आणि बटण दाबलं.

फोनमधली बाई बोलू लागली. "पावलीन. पूर्णविराम. त्या दिवशी मी सांदणं म्हणाले होते. फोनने भांडणं ऐकलं. चूक त्याची आहे, पण तोंड माझं होतं."

पावलीनबायच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला ते स्पष्ट दिसलं.

"तुझ्यामाझ्यात शब्द कधीच मोजून वापरले नाहीत. आपली मैत्री इतकी जुनी आहे की."

तेवढ्यात फोनला एक जाहिरात आली. मावशींनी सगळ्याच परवानग्या देऊन ठेवल्या होत्या. त्यात आलेले निरोपही वाचून दाखवण्याची होती. त्याच बाईने, त्याच आवाजात, न थांबता वाचलं, "जुनं झालंय? आजच बदलून टाका. ही सवलत फक्त संध्याकाळपर्यंत."

मावशी दोन्ही हातांनी नाही नाही करत होत्या.

"ऐकलं," पावलीनबाय म्हणाल्या. "बदलून टाक." आणि दुखऱ्या गुडघ्याने उठून त्यांनी दार लावून घेतलं.

परतताना मावशी वाटेत थांबल्या. मला वाटलं, रडतायत. पाहिलं तर त्या आवाज न करता हसत होत्या, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी थांबलं नाही.

काही आठवड्यांनी बोलायची परवानगी मिळाली. आवाज आला, पण तो मावशींचा नव्हता. घोगरा, जाडा, मध्येच फाटणारा. फोनने त्यांचा आवाज ओळखून उघडायचं सोडून दिलं. पुन्हा प्रयत्न करा, म्हणायचा. तक्रार क्रमांकावरच्या एका खऱ्याखुऱ्या मुलीने त्यांना विचारलं, "सर, मी आपली काय मदत करू शकते?" त्यांनी हळूच फोन ठेवला. ज्या बाईने आयुष्यात कोणाची लाइन तोडली नव्हती, तिने.

त्यानंतर त्यांनी फोन घेणंच सोडलं. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत शास्त्रवाचन करायच्या, तेही दुसरीला दिलं. कुंपणापलीकडून काही ऐकू येईना. एकदा काका माझ्या दारात आले. ते कधी वर येत नसत. "नीता, ती फोन घेत नाही," ते म्हणाले. "वाजतो, आणि ती बघत बसते. मी घे म्हटलं तर म्हणते, पलीकडचा विचारेल कोण बोलतंय, मग मी काय सांगू?" मी खाली गेले, इकडचंतिकडचं बोलले. त्या मान डोलवत राहिल्या. ह्याला कोणतं बटण दाबायचं ते मला कळेना.

मग एक दिवस सगळंच बंद पडलं. कुठेतरी रस्ता खोदताना मोठी केबल तुटली म्हणे. सकाळपासून कोणाच्याच फोनला रेंज नव्हती, नेट नव्हतं, काही नव्हतं. माझी ऑफिसची मीटिंग हवेत विरली आणि मी खाली उतरले. सगळी आळी रस्त्यावर होती. माणसं फोन डोक्यावर धरून फिरत होती. कोणी गच्चीवर, कोणी कुंपणावर. एक गृहस्थ विहिरीच्या कठड्यावर उभे राहून फोन आभाळाला दाखवत होते.

मावशी फाटकाशी खुर्ची टाकून पापडीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. कळंबहून मासे घेऊन येणारी कमळी टोपली उतरवून त्यांच्याशेजारी टेकली. "मावशी, घरा सांगाचं होतं, मना उशीर होईल, पोरीला पानी भरून ठेव म्हनावं. आता कसा सांगू?"

मावशींनी पापडी खाली ठेवली. त्याच वेळी रिक्षावाला अमोल नाक्यावरून वळत होता. त्यांनी हात केला. "कुठे चाललास?"

"नाळ्याला भाडं आहे, मावशी."

"कळंबच्या फाट्यावर चहावाल्याला सांग, कमळीला उशीर होईल, मुलीनं पाणी भरून ठेवावं. तो पुढे धाडेल. आता म्हणून दाखव." अमोलने म्हणून दाखवलं. "पुन्हा म्हण." त्याने पुन्हा म्हटलं. "जा. लाइन दिली."

हे बाकीच्यांनी पाहिलं आणि बघता बघता फाटकाशी गर्दी झाली. कोणाला गॅसवाल्याला निरोप द्यायचा होता, कोणाला शाळेत, कोणाला वसईच्या कोर्टात वकिलाला. मावशी एकेकाला पुढे घ्यायच्या. "थोडक्यात सांगा. कोणाला, काय, आणि उत्तर हवंय का?" जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाला, सायकलला, दूधवाल्याला त्या थांबवून त्या दिशेचे निरोप देत होत्या. बावतीसकाकांना त्यांनी सायकलवर बसवून जवळच्या वाड्यांना नेमलं. आवाज फाटत होता, खरखरत होता, मध्येच बसत होता. कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांना आपला निरोप जायला हवा होता.

अमोल परत आला आणि लांबूनच दोन बोटं दाखवली, व्हॉट्सॲपच्या दोन टिकांसारखी.

"पोचला," मावशी कमळीला म्हणाल्या. मग अमोलला विचारलं, "निळं झालं का?"

"झालं, मावशी. चहावाल्याचा पोरगा सांगून आला. ऐकलं तिनं. पण उत्तर नाही दिलं."

"तसंच असतं," कमळी म्हणाली. "फोनवर पन तसंच करते."

कॉलेजातली एक मुलगी पुढे येऊन नुसतीच घुटमळत राहिली. मावशींनी तिला कान दिला. ती काहीतरी पुटपुटली. मावशींनी मान हलवली, पापडीच्या ताटाकडे बघत अमोलला म्हणाल्या, "वसई स्टँडवर निळ्या गाडीवाला एक मुलगा थांबला असेल. त्याला फक्त 'हो' म्हणून सांग. बाकी काही विचारू नको." मी जवळ बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऑपरेटरला ऐकू येतं, नीते. पण तिनं ऐकलेलं नसतं."

त्या दिवशी त्यांना बघायला हवं होतं. केस विस्कटलेले, गाल लाल, एका हातात पापडीची शेंग, दुसरा हात रस्त्यावर. कोणी तरी चहा आणून दिला, तो थंड झाला. दुपारचं जेवण राहिलं. मी एकदा म्हटलं, "मावशी, घशाला जपा." त्या म्हणाल्या, "माझं काय, मी फक्त जोडतेय."

ऊन कलायला लागलं तसा अमोल वसईहून आला, रिक्षा तिरकी लावून पळतच. "मावशी, हॉस्पिटलमध्ये पावलीनबायचा धाकटा जावई भेटला. मुलगी झाली. दोघी एकदम ओके आहेत. बायला कळवा बोलला."

गर्दीतून आनंदाचा गलका उठला, आणि त्याच क्षणी सगळ्यांचे फोन वाजायला लागले. टिंग, टुंग, ठणठण, दिवसभराचं साचलेलं सगळं एकदम आलं. सगळ्या माना खाली गेल्या. पाहता पाहता फाटकाशी कोणी उरलं नाही. अमोलही रिक्षात बसून फोनमध्ये बघत हसत होता. "आता फोन लावा की, मावशी," तो मान वर न करता म्हणाला.

मी माझा फोन पुढे केला. "माझ्यावरून लावा. मला ब्लॉक केलेलं नाही."

मावशींनी फोन हातात घेतला, पडद्यावरचं पावलीनबायचं नाव वाचलं, आणि परत दिला. मग पदराला हात पुसले आणि वाटेला लागल्या. मी मागून गेले, पण थोडं अंतर ठेवून.

पावलीनबायचं दार बंद होतं. मावशींनी बाहेरूनच हाक मारली, त्या घोगऱ्या आवाजात.

"कोण आहे?" आतून प्रश्न आला.

काका म्हणाले होते तोच हा प्रश्न.

"सेसील," त्या म्हणाल्या.

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "हा कोणाचा आवाज आणलास?"

"माझाच आहे. नवीन आहे."

दार उघडलं. "तुला नात झालीय," मावशी म्हणाल्या. "दोघी बऱ्या आहेत. तुझा फोन लागत नव्हता म्हणून चालत आले." पावलीनबायनी दाराची चौकट धरली. मग त्यांनी मावशींचा हात धरला आणि घरच्या बोलीत जे काही सुरू केलं, ते मला निम्मंही कळलं नाही. भांडणच वाटत होतं. मी परत फिरले.

मावशींनी दुसऱ्या दिवसापासून फोन घ्यायला सुरुवात केली. कोणी "सर" म्हटलं तर म्हणायच्या, "बोला, सर लाइनवर आहेत."

पुढे मला पुण्याला दुसरी नोकरी मिळाली आणि मी गिरीज सोडलं. मावशी गेल्या ते मला तिथेच कळलं. काकांनी निरोप टाकला नाही, फोन केला, आणि हळू आवाजात, न ओरडता सांगितलं.

मला त्या आठवतात त्या मात्र मी निघाले त्या दिवशीच्या. सामानाचा टेम्पो आळीतून बाहेर पडत होता आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मावशींच्या ओट्यावर मावशी आणि पावलीनबाय खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. पावलीनबायच्या हातात फोन होता. नात बापाच्या गावी होती आणि तिचा व्हिडिओ कॉल लागला होता. निरोप घ्यायला म्हणून मी खाली उतरले, तर मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," त्या कुजबुजल्या.

मी वाकून पाहिलं. पडद्यावर बाळ होतं, अर्धवट जांभईत, तोंड उघडं, एक मूठ हवेत. हलत नव्हतं. कोपऱ्यातलं ते छोटं चक्र गोल गोल फिरत होतं. रेंज केव्हाच गेली होती.

"किती वेळ झाला?" मी हळूच विचारलं.

"बराच," पावलीनबाय पुटपुटल्या. "गुणी आहे. हालचाल नाही की काही नाही."

"तोंड उघडं ठेवून झोपते," मावशी म्हणाल्या. "तुझ्यावर गेलीय."

पावलीनबायनी कोपर मारलं, पण फोन हलू दिला नाही. दोघींच्या माना पुन्हा पडद्यावर झुकल्या. मी मावशींच्या खांद्याला हात लावला, त्यांनी वर न बघता माझा हात थोपटला. मी टेम्पोत येऊन बसले. ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि वळणावर हॉर्नकडे हात नेला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"वाजवू नका," मी म्हटलं. "बाळ झोपलंय."